हँडल फिरवा ते बटण दाबा: गाडीच्या काचेची शंभर वर्षांची गोष्ट

हेडफोन लावलेत? मग आधी एक छोटा प्रयोग करूया. समजा सिग्नलला शेजारी एक गाडी उभी आहे, काच वर आहे आणि आतल्या माणसाला तुम्हाला पत्ता विचारायचाय. "काच खाली करा" हे हाताच्या खुणेनं कसं सांगाल?

तुमच्या बाबांना विचारून बघा. ते मूठ वळतील आणि हवेत गोल गोल फिरवतील, उसाच्या गुऱ्हाळाचा चरक फिरवल्यासारखी. आता हीच खूण दहा वर्षांच्या पोराला करून दाखवा. ते म्हणेल, "काका, पंखा लावू का?"

ज्या वस्तूवरून ती खूण आली, ती वस्तूच नव्या गाड्यांतून जवळजवळ गेली. पण दाराच्या पत्र्याआड ते जुनं काम अजून चालू आहे. आज त्याचीच गोष्ट. इंग्रजीत त्याला विंडो रेग्युलेटर म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमध्ये "काचेची मशीन" किंवा "विंडो मशीन". मीही तेच म्हणणार आहे.

हा विषय मला सुचला तो एका टोल नाक्यावर. जुलै महिना, पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, बाबा शेजारी. फास्टॅग वाचला जाईना म्हणून काच खाली घेतली. माणसाशी बोललो, बटण ओढलं, आणि दारातून "धप्प" असा आवाज आला. काच सरळ दाराच्या पोटात. मोटर मात्र आत घुर्र घुर्र करत होती. बाहेर धो धो पाऊस. बाबांनी शांतपणे मागच्या सीटवरची छत्री घेतली, गाडीत उघडली आणि माझ्या आडवी धरली. साताऱ्यापर्यंत आम्ही तसेच आलो. "आमच्या फियाटमध्ये असं कधी झालं नाही," हे वाक्य मी खंबाटकीपर्यंत चार वेळा ऐकलं.

त्या दुरुस्तीचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी थोडं मागे जाऊ. बरंच मागे.

आधी काचच नव्हती

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून टाकलेल्या बग्ग्याच. वर टप, बाजूला काही नाही. पाऊस आला की कापडाचे किंवा चामड्याचे पडदे बटणांनी लावायचे, आणि त्यात बाहेरचं दिसावं म्हणून सेल्युलॉइडचा पारदर्शक तुकडा शिवलेला असायचा. तो काही दिवसांत पिवळा पडायचा, चिरायचा. बंद गाडी, म्हणजे पक्कं छप्पर आणि काचा असलेली गाडी, ही श्रीमंतांची चीज होती.

अमेरिकेतले आकडे बघा. १९१९ मध्ये तिथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांत बंद गाड्या जेमतेम १० टक्के होत्या. १९२७ मध्ये त्या ८५ टक्क्यांवर गेल्या. फक्त आठ वर्षांत! यात हडसन कंपनीच्या एसेक्स या गाडीचा मोठा हात होता. १९२१ मध्ये तिचं बंद मॉडेल उघड्या मॉडेलपेक्षा ३०० डॉलरनं महाग होतं. १९२५ मध्ये तेच बंद मॉडेल उघड्यापेक्षा ५ डॉलरनं स्वस्त मिळायला लागलं. मग उघडी गाडी कोण घेणार?

पण बंद गाडीनं एक नवा प्रश्न आणला. काच तर बसवली, आता ती खाली-वर कशी करायची?

पहिलं उत्तर रेल्वेकडून आलं. जुन्या इंग्रजी रेल्वेच्या डब्यात खिडकीच्या काचेला खालून एक जाड चामडी पट्टा लावलेला असायचा आणि त्या पट्ट्याला भोकं, आपल्या कमरेच्या पट्ट्यासारखीच. काच वर हवी तर पट्टा ओढायचा आणि हवं ते भोक खुंटीत अडकवायचं. सुरुवातीच्या बंद मोटारींनी हेच उचललं. फोर्डच्या मॉडेल टीच्या बंद गाड्यांतही असे पट्टे होते. सोपं काम, मोडण्यासारखं काही नाही. पण पट्टा हातातून सुटला की काच धाडकन खाली. आणि एका हातात स्टिअरिंग असताना दुसऱ्या हातानं भोक शोधणं म्हणजे कसरतच.

हँडल आलं, पण खरी गंमत स्प्रिंगमध्ये

मग आलं फिरवायचं हँडल. दिसायला साधं. पण जरा विचार करा. तुम्ही हँडल फिरवलं की काच वर जाते. मग काचेच्या वजनानं हँडल उलटं का फिरत नाही? गाडी खड्ड्यात आदळली की काच आपोआप खाली का येत नाही? विहिरीच्या रहाटाचा हात सोडला तर बादली खाली जातेच ना!

याचं उत्तर जर्मनीतल्या कोबुर्ग गावच्या ब्रोझे या कंपनीनं १९२० च्या दशकात बाजारात आणलं. हँडल आणि काच यांच्यामध्ये एक छोटी ब्रेकस्प्रिंग. ही युक्ती नीट समजून घेऊ, कारण ती फार सुंदर आहे.

एक गोल डबी घ्या. तिच्या आत एक वेटोळ्याची स्प्रिंग घट्ट बसवलेली आहे, डबीच्या भिंतीला चिकटून. स्प्रिंगची दोन्ही टोकं आतल्या बाजूला वळवलेली. आता हँडल फिरवलं की ते या टोकांना अशा बाजूनं ढकलतं की स्प्रिंग आवळते, म्हणजे तिचा घेर लहान होतो. भिंतीवरची पकड सुटली, सगळं फिरायला लागलं. पण काचेच्या वजनानं उलटं ढकललं तर तो जोर टोकांवर विरुद्ध बाजूनं पडतो. मग स्प्रिंग फुगते, भिंतीला गच्च धरते. जितका जोर जास्त, तितकी पकड घट्ट. हँडलकडून आलं तर "या", काचेकडून आलं तर "थांबा". घराच्या दारातला राखणदार म्हणा हवं तर.

या ब्रोझे कंपनीचं काम आज आपल्या पुण्यातही चालतं.

आता त्या डबीच्या पुढचा भाग. हँडलच्या मागे एक लहान दातेरी चाक. ते हातपंख्याच्या आकाराच्या एका मोठ्या दातेरी पत्र्याला फिरवतं. त्या पत्र्याला एक लांब हात, त्याला आडवा दुसरा हात, दोन्ही मिळून कात्रीसारखी फुली. फुलीची वरची टोकं काचेच्या खालच्या पट्टीत सरकतात. कात्री उघडली-मिटली की काच खाली-वर. दोन हात असल्यामुळे काच तिरकी न होता सरळ राहते. आणि काच उचलायला मदत म्हणून डासांच्या कॉइलसारखी गुंडाळलेली एक जाड स्प्रिंग. काच खाली जाताना ती ताणली जाते, वर येताना तोच जोर परत देते. ही स्प्रिंग लक्षात ठेवा, ती पुढे बोटं तोडायला निघणार आहे.

सगळ्यांनीच हे यंत्र स्वीकारलं असं नाही बरं का. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये मिनी आली, इवलीशी गाडी. तिच्या दारात काचेची मशीनच नव्हती. काच आडवी सरकवायची, कपाटाच्या दारासारखी. त्यामुळे दार पातळ झालं, कोपराला जागा मिळाली आणि आत सामान ठेवायला मोठा कप्पा झाला. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, मिनीलाही हँडल लागलं. फ्रान्सच्या सिट्रोएन २सीव्हीत तर पुढच्या काचेचा खालचा अर्धा भाग बिजागरीवर वर दुमडायचा. मशीन नाही म्हणजे वजन कमी, किंमत कमी.

आणि आपली मुंबई? काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट. तिच्या पुढच्या दारात मोठ्या काचेच्या पुढे एक छोटी तिकोनी काच असायची. ती हातानं वळवली की वारा थेट तोंडावर. एसी नव्हता त्या काळात हाच एसी. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. ती तिकोनी काच आणि ते हँडलही तिच्याबरोबर गेलं.

बटण आलं, आणि पहिल्यांदा त्यात तेल होतं

आपल्याला वाटतं पॉवर विंडो ही अलीकडची चैन. पण अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनं १९४० मध्येच आपल्या वन-एटी या महागड्या गाडीत ती दिली होती. पुढच्याच वर्षी लिंकन आली. मात्र तेव्हा प्रत्येक दारात मोटर नव्हती. विजेवर चालणारा एक पंप, त्यातून नळ्यांनी दारांपर्यंत जाणारं द्रव, आणि तिथे छोटे सिलिंडर. जेसीबीचा हात जसा उचलला जातो, तशी काच उचलली जायची. नळी गळली की दारातून थेंब थेंब. पुढे १९५० च्या दशकात दारातच छोटी मोटर बसवायची पद्धत रुळली आणि नळ्या गेल्या.

या मोटरलाही काच खाली सरकू न देण्याचा तोच जुना प्रश्न होता. उत्तर मात्र वेगळं. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखा पेच असतो आणि तो एका दातेरी चाकाला फिरवतो. पेच चाकाला फिरवू शकतो, चाक पेचाला फिरवू शकत नाही. झालं, काच जागच्या जागी. आणि खाली-वर कसं? बॅटरीचे प्लस-मायनस बटणात अदलाबदल होतात, मोटर उलटी फिरते. इतकंच.

नंतर कंपन्यांना वजन आणि खर्च वाचवायचा होता. जड कात्रीच्या जागी बऱ्याच गाड्यांत तार आली. सायकलच्या ब्रेकची वायर आठवा. पोलादी तार आणि तिच्यावर नळीचं कवच. हिला म्हणतात बाउडन केबल, अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ मध्ये हिचं पेटंट घेतलं. दारात एक उभी पट्टी, वर-खाली दोन कप्प्या, मध्ये मोटरला लावलेलं रीळ. तार रिळावर एका बाजूनं गुंडाळते, दुसऱ्या बाजूनं सुटते. तारेला एक प्लॅस्टिकचा सरकता तुकडा लावलेला आणि त्या तुकड्यात काच बसवलेली. हलकं, स्वस्त, पातळ दारात मावणारं. पण सगळा भार येतो एका तारेवर आणि त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर. माझ्या दारात "धप्प" झालं ते इथेच.

या बटणानं जीवही घेतले

आता जरा गंभीर होऊ. हँडल फिरवताना मध्ये काही अडकलं तर हाताला कळायचं. मोटरला कळत नाही. ती ओढतच राहते.

अमेरिकेत कित्येक लहान मुलांचे जीव असे गेले. मूल सीटवर गुडघे टेकून खिडकीतून डोकं बाहेर काढतं. दारावरचं बटण दाबलं की काच वर जाणारं. गुडघा नेमका त्यावर पडतो आणि काच गळ्यापाशी येते. चूक मुलाची नव्हती, बटणाच्या रचनेची होती. २००४ मध्ये तिथल्या वाहनसुरक्षा यंत्रणेनं नियम बदलला आणि पुढे २००५ च्या कायद्यानं तो आणखी कडक झाला. काच वर घ्यायला बटण वर ओढावं लागलं पाहिजे. गुडघा किंवा पाय दाबू शकतो, ओढू शकत नाही.

तुमच्या गाडीचं बटण बघा. बोट खाली घालून वर ओढावं लागत असेल, तर त्यामागे ही मुलं आहेत.

दुसरा उपाय म्हणजे काच स्वतःहून परत खाली जाणं. मोटरमध्ये फेरे मोजणारा सेन्सर असतो. वर जाताना वेग अचानक पडला, तर मध्ये काहीतरी आहे असं समजून मोटर उलटी फिरते. अशा यंत्रणेसाठी युरोप-अमेरिकेच्या नियमांत मर्यादा आहे १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलोचं वजन ठेवल्याइतका जोर. पण ही सोय प्रत्येक गाडीच्या प्रत्येक काचेला असते असं नाही. म्हणून मागे मुलं असतील तर ड्रायव्हरकडचं लॉकचं बटण दाबायचं. आणि "बघू, थांबते का" म्हणून बोट घालून तपासायचं नाही, प्लीज.

आणि २६ जुलै २००५ विसरून चालणार नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या दिवशी मुंबईत काही जण बंद गाडीतच गुदमरून गेले. पाणी वाढलं, काचा उघडल्या नाहीत, दारं उघडली नाहीत. त्यानंतर काच फोडायच्या हातोड्या गाड्यांमध्ये दिसायला लागल्या.

म्हणून हे डोक्यात कोरून ठेवा. गाडी पाण्यात अडकली तर फोन नंतर, आधी पट्टा सोडा आणि लगेच काच खाली घ्या. मोटर सुरुवातीला बहुतेक वेळा चालते, उशीर केला तर नाही. बाहेरच्या पाण्याचा दाब दार उघडू देत नाही. काच फोडायची वेळ आली तर बाजूची फोडा, टोकदार वस्तूनं, कोपऱ्यात. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका, तिच्यात मध्ये प्लॅस्टिकचा थर असतो, ती तडकते पण सुटत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, टेम्पर्ड की लॅमिनेटेड. टेम्पर्ड असेल ती फुटते. आज घरी जाऊन वाचा.

बिघडली तर आधी कान लावा

आता कामाचं. काच चालेना, तर गॅरेजला जाण्याआधी बटण दाबा आणि ऐका.

मोटरचा आवाज येतो, काच हलत नाही? मोटर ठीक आहे. तार तुटली किंवा काच धरणारा तुकडा मोडला.

कट् कट् कट् आवाज? रिळावर तारेचा गुंता झालाय किंवा दाते झिजलेत. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, गुंता वाढतो.

काहीच आवाज नाही? रात्री आतला दिवा लावून बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला, तर वीज मोटरपर्यंत जातेय, पण ती अडकलीय. दिवा ढिम्म हलला नाही, तर फ्यूज, बटण किंवा वायर बघा. दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतून ज्या वायरी जातात, त्या दर वेळी दार उघडताना वाकतात, आणि कधीतरी आतून तुटतात. मागची काच तिच्या बटणानं चालत नसेल, तर ड्रायव्हरकडचं बटणही तपासायला सांगा. बऱ्याच गाड्यांत वीज तिथूनच पुढे जाते.

काच चालते पण कण्हत कण्हत? दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. काच ज्या रबरी बीडिंगमध्ये सरकते, त्यात धूळ बसलेली असते. ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा साधं तेल रबरावर नको, ते धूळ धरतं. दहा मिनिटांचं हे काम न केल्यानं मोटरवर भार येतो, आणि मग हजारोंचं बिल.

बॅटरी बदलल्यावर एका झटक्यात वर जाणारी काच तशी जात नसेल, तर घाबरू नका. काच पूर्ण वर घेऊन बटण काही सेकंद ओढून धरा. बऱ्याच गाड्यांत तिला आपली हद्द पुन्हा कळते.

आणि एक इशारा. कात्रीवाल्या मशीनची मोटर यूट्यूब बघून घरी काढू नका. ती कॉइलसारखी स्प्रिंग आठवते? मोटर सुटली की ती सगळा जोर एकदम सोडते आणि लोखंडी हात फिरतो. जाणकार मेकॅनिक आधी हात बोल्टनं जखडतो, मग मोटरला हात लावतो.

साताऱ्यात काय झालं

तर, मी आणि बाबा ओलेचिंब साताऱ्यात पोचलो. एका सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, "सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, मोटरसकट. तो क्लिप सुटा येत नाही." पार्ट चार दिवसांनी येणार होता. बाबा म्हणाले, "चल, पेठेत बघू."

तिथल्या मेकॅनिककाकांनी दाराचं पॅड उघडलं, काच हातानं वर ओढून टेपनं चिकटवली आणि आत टॉर्च मारला. दोन बोटांत तो मोडका प्लॅस्टिकचा तुकडा धरून दाखवला. "हे बघा दादा. मोटर एकदम टकाटक हाय. तारबी चांगली हाय. एवढ्यासाठी सगळी मशीन फेकायची व्हय?" भंगारातल्या एका जुन्या मशीनचा तुकडा त्यांनी काढला, घासून बसवला, पट्टीला ग्रीस लावलं. तासाभरात काच वर. बाबांनी स्वतः तीन वेळा खाली-वर करून पाहिली, मग छत्री मिटली.

मी विचारलं, "किती दिवस टिकेल?" काका म्हणाले, "बीडिंग साफ ठेवा, मग टिकंल. काच मशीननं मरत नाय दादा, धुळीनं मरती."

पट्टा, हँडल, तेल, तार, सेन्सर. शंभर वर्षांत सगळं बदललं, काम तेच राहिलं. काच वर धरून ठेवायची, आणि माणसाला हवी तेव्हा खाली सोडायची. हे दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, हे आपण मुंबईच्या पावसात शिकलो.

तर आजचा गृहपाठ दोन मिनिटांचा. गाडीत बसा, चारही काचा एकदा खाली-वर करा, आवाज ऐका आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. स्वतःची गाडी नसेल तर मित्राच्या गाडीत बसा, त्याला ऐटीत सांगा.

आणि घरी आजोबा असतील, तर त्यांना ती गोल गोल फिरवायची खूण करून दाखवा. त्यांना लगेच कळेल. पुढच्या भागात भेटूच!